निळ्या बाटलीतले पाणी आणि तळाचे लाकूड

पुरुषांच्या परफ्यूमच्या कोणत्याही काउंटरसमोर उभे राहिले, की निळ्या बाटल्यांची एक रांग ठरलेली असते. काचेला समुद्राचा रंग, नावात कुठेतरी पाणी, आणि विक्रेत्याच्या तोंडी 'एकदम फ्रेश' हे दोन शब्द. कागदाच्या पट्टीवर फवारा मारून ती आपल्या नाकाखाली धरली जाते, आपण मान डोलावतो आणि क्षणभरात आवडलेल्या वासाचे पैसे मोजून बाहेर पडतो. माझे म्हणणे असे आहे, की ॲक्वाटिक, म्हणजे पाण्याचा भास देणारे, म्हणून विकल्या जाणाऱ्या परफ्यूममधले पाणी ही कारागिराची हातचलाखी असते. दोन तासांनी अंगावर उरते ते लाकूड, आणि आपल्यासारख्या घाम गाळणाऱ्या मुलखात तर परफ्यूम घेण्याजोगा आहे की नाही, हे त्या लाकडावरूनच ठरवावे.

उदाहरणासाठी डेव्हिडॉफचा कूल वॉटर घेतो, कारण या साऱ्या निळ्या वंशावळीचा मूळपुरुष तोच मानला जातो. तंबाखू आणि सिगारच्या व्यापारातून जिनिव्हात नावारूपाला आलेल्या या घराण्याने 1988 मध्ये तो बाजारात आणला. धूर विकणाऱ्यांनी जगाला थंड पाण्याची चटक लावावी, यातली गंमत मला आजही वाटते. सुगंधकार होते फ्रान्सचे पियेर बुर्दों. क्रीड या घराण्याचा 1985 चा ग्रीन आयरिश ट्वीड आणि कूल वॉटर एकापाठोपाठ हुंगले, तर दोघे एकाच घरातले आहेत हे नवख्या नाकालाही कळते. पहिल्याच्या जडणघडणीतही जाणकार बुर्दों यांचेच नाव घेतात.

बुर्दों यांनी आकाशातून काही नवे आणले नव्हते. पुरुषांच्या परफ्यूमचा एक जुना साचा आहे, फुजेर नावाचा. 1882 मध्ये हुबिगां या फ्रेंच घराण्याच्या फुजेर रोयालपासून तो सुरू झाला: वर लॅव्हेंडर, मध्ये जिरॅनियम, तळाला ओकमॉस नावाचे झाडावरचे दगडफूल आणि कुमारिनचा वाळलेल्या गवतासारखा गोडवा. जुन्या पद्धतीच्या सलूनमध्ये दाढीनंतर गालाला जे काही लावले जात असे, त्याचा वास थोड्याफार फरकाने याच साच्यातला. बुर्दों यांनी हा साचा तसाच ठेवला, त्यातली ऊब काढून घेतली आणि त्या जागी डायहायड्रोमिर्सेनॉल नावाचे एक रसायन मोठ्या प्रमाणात ओतले. पाइनच्या झाडापासून मिळणाऱ्या टर्पेंटाइनमधून तयार होणारे हे द्रव्य स्वस्त आहे, साबणात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत सर्रास वापरले जाते, आणि त्याचा वास लिंबाची साल, लॅव्हेंडर आणि थंडगार धातू यांच्या मधोमध कुठेतरी बसतो. 1982 च्या ड्राकार न्वारमध्ये त्याचे प्रमाण जवळपास 10 टक्के होते; कूल वॉटरमध्ये ते त्याहून बरेच वाढवले गेले. कूल वॉटरला 'साबणासारखा' म्हणून नाक मुरडणारे लोक मला नेहमी भेटतात. त्यांचे नाक बरोबर सांगते, फक्त ते दोष म्हणून सांगतात एवढाच माझा आक्षेप आहे. शुद्ध पाण्याला वास नसतो. पाण्याची आठवण करून द्यायची, तर पाण्याने स्वच्छ झालेल्या वस्तूचाच वास द्यावा लागतो, आणि बुर्दों यांनी नेमके तेच केले.

पाण्याचा दुसरा मार्ग कॅलोनचा. 1966 मध्ये फायझर या औषध कंपनीच्या रसायनतज्ज्ञांना वेगळ्याच कामात हे संयुग सापडले. त्याची रचना समुद्रातल्या तपकिरी शेवाळांनी सोडलेल्या काही गंधद्रव्यांशी मिळतीजुळती आहे. नाकाला ते खाऱ्या वाऱ्यासारखे लागते आणि त्याच वेळी कापलेल्या कलिंगडासारखेही, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. पुढची वीसेक वर्षे सुगंधकारांनी त्याच्याकडे फारसे वळून पाहिले नाही. 1988 च्या अरामिसच्या न्यू वेस्टपासून त्याचे दिवस पालटले. मग 1991 चा केन्झो पूर ओम, 1994 चा इस्से मियाकेचा लो दीस्से पूर ओम आणि 1996 चा अर्मानीचा आक्वा दी जिओ अशी रांगच लागली. कॅलोन आमटीतल्या हिंगासारखे वापरावे लागते, चिमटीत. हात थोडा सैल पडला की समुद्र जातो आणि फळांची गाडी उभी राहते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर आलेल्या कित्येक स्वस्त परफ्यूममध्ये हा हात सैलच पडलेला आहे. त्यातून कॅलोन तसा चिवट. लिंबू, संत्रे, पुदिना हे पाहुणे उठून गेले तरी तो बसून राहतो, आणि त्याला धरून ठेवणारे भक्कम लाकूड खाली नसेल, तर संध्याकाळी अंगावर उरतो तो फक्त शिळ्या कलिंगडाचा गोडसर, काहीसा चिकट वास.

बाटलीतला हा समुद्र कोणता, हेही एकदा पाहायला हवे. आक्वा दी जिओची कल्पना सिसिली आणि आफ्रिका यांच्यामधल्या पँतेलेरिया बेटावरची, जिथे जॉर्जो अर्मानी यांचे सुट्टीतले घर होते. काळा खडक, स्वच्छ निळे पाणी, कोरडा वारा, लिंबाच्या जातीची झाडे. आपला समुद्र असा नाही. ओहोटीच्या वेळी वर्सोव्याला किंवा हर्णैला किनाऱ्यावर उभे राहिले, की नाकात येतो तो चिखल, वलांडीवर वाळणारे बोंबील, जाळी, डिझेल, आणि या सगळ्याच्या मागे डायमिथाइल सल्फाइडचा तो उकडलेल्या कोबीसारखा बारीक वास, जो समुद्रातल्या प्लवकांच्या विघटनातून तयार होतो आणि जगातल्या कोणत्याही खऱ्या समुद्राला असतोच. परफ्यूमच्या समुद्रातून हे सारे वगळलेले असते. तसे ते वगळावेच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही; सुकटीचा वास असलेला परफ्यूम मीही लावणार नाही. मात्र 'समुद्राची आठवण येते' असे कोणी म्हटले, की ही आठवण बहुधा जाहिरातीतल्या समुद्राची आहे, हे मनात नोंदवून ठेवावे.

आता मनगटावर काय घडते ते पाहू. कूल वॉटरचा फवारा पडताच पहिल्यांदा अल्कोहोल जाणवते आणि पाठोपाठ पुदिना, लॅव्हेंडर आणि तो धातूसारखा लिंबट गारवा येतो. हा भाग झगझगीत आहे, विक्रीच्या कामाचा आहे, आणि मे महिन्यात घराबाहेर पडलात तर जिना उतरून नाक्यावर पोचेपर्यंत तो निम्मा ओसरलेला असतो. मग रोझमेरी आणि धण्याचा हिरवट, किंचित औषधी सूर लागतो. थोड्या वेळाने नेरोली, म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचा अर्क, आणि जिरॅनियम या दोघांमुळे कडा मऊ होतात. या टप्प्यावर तो सर्वांत जास्त साबणासारखा असतो. इथपर्यंतचा प्रवास ओळखीचा आहे आणि अनेक नकलांनी तो हुबेहूब उचलला आहे. पुढे दीड-दोन तासांनी मनगट नाकाशी नेले, तर पाणी बाजूला सरलेले असते आणि खालून सीडर, चंदन, मस्क आणि तंबाखूच्या पानाची एक कोरडी छटा वर येते. या लाकडाला किंचित खारटपणा असतो, आणि घामाने ओल्या झालेल्या त्वचेवर तो खटकत नाही, उलट तिच्यात मिसळून जातो. दिवसभर वापरलेल्या सुती शर्टाची कॉलर रात्री उलटी करून हुंगावी. तिथे पुदिना नसतो, लॅव्हेंडर नसते, असते ती तासलेल्या पेन्सिलीची कोरडी ऊब आणि स्वच्छ मानेचा वास. माझ्या मते कूल वॉटरचे खरे काम इथे आहे. स्वस्त नकलांच्या कॉलरवर याच वेळी एकतर काहीच नसते, नाहीतर डोके उठवणारा गोड मस्क असतो.

पेन्सिलीचा उल्लेख उगाच केलेला नाही. परफ्यूममध्ये ज्याला व्हर्जिनिया सीडर म्हणतात, ते झाड वनस्पतिशास्त्राप्रमाणे सीडर नसून जुनिपर आहे, आणि चांगल्या पेन्सिली एके काळी त्याच्याच लाकडाच्या बनत. खरा सीडर म्हणजे ॲटलास पर्वतातला, आणि त्याचा सख्खा भाऊ म्हणजे आपला हिमालयातला देवदार. आज मात्र बाटलीत शिरणारे पुष्कळसे लाकूड कोणत्याच झाडाचे नसते. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या आयएफएफ या कंपनीत तयार झालेले आयसो ई सुपर नावाचे द्रव्य सीडरची कोरडी, मखमली छटा देते. एकटे हुंगले तर जेमतेम जाणवते, पण बाकीच्या घटकांमध्ये हवा खेळवते. त्याची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे: लावणाऱ्याच्या नाकाला ते मधूनच गायब झाल्यासारखे वाटते आणि मधूनच पुन्हा येते. 'दोन तासांत उडून गेला' अशी तक्रार करत दुपारी पुन्हा सहा-सात फवारे मारून घेणाऱ्या माणसाच्या शेजारी जो लोकलमध्ये उभा असतो, त्याला मात्र तो कुठेच उडालेला नसल्याचे पक्के ठाऊक असते.

दुसरे द्रव्य अँब्रॉक्सान. क्लेरी सेज या वनस्पतीतून मिळणाऱ्या स्क्लॅरिऑलपासून ते बनवतात, आणि त्याचा वास अंबरग्रिसच्या जवळ जातो: खारट, उबदार, उन्हात तापलेल्या त्वचेचा भास देणारा. अंबरग्रिस म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा गोळा, ज्याला आपल्याकडच्या बातम्यांमध्ये 'व्हेल माशाची उलटी' म्हणतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात त्याचा व्यापार गुन्हा आहे, आणि तरीही कोकण किनाऱ्यावर तो विकायला निघालेले लोक पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. गंमत अशी, की सुगंधाच्या मोठ्या बाजाराला हा गोळा आता फारसा लागतच नाही. समुद्राचा खारेपणा आणि तळाचे लाकूड यांना सांधण्याचे जे काम तो करत असे, ते आता कारखान्यातला पांढरा स्फटिक बिनबोभाट करतो.

वर पाणी आणि खाली लाकूड, ही बांधणी बुर्दों यांच्या कितीतरी आधी कनौजच्या अत्तरवाल्यांना साधलेली होती. मिट्टीचे अत्तर हे तिचे सर्वांत शुद्ध उदाहरण आहे. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगमध्ये पाण्याबरोबर घालतात, खाली लाकडा-गोवऱ्यांची आच लावतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे अर्क गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते, आणि भपक्यात आधीपासून वाट पाहत असते चंदनाचे तेल. पहिल्या पावसाचा वास असा चंदनात मुरवला जातो. 1964 मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये पावसानंतरच्या मृद्गंधावर जो निबंध लिहिला, त्यात या अत्तराची दखल घेतली आहे. या वासातला मुख्य घटक जिओस्मिन. मातीतले सूक्ष्मजीव तो तयार करतात आणि माणसाचे नाक तो अब्जांशाहूनही कमी प्रमाणात ओळखते. पण नाकाने ओळखणे वेगळे आणि अंगावर टिकवणे वेगळे. चंदनाशिवाय तो वास कुपीत थांबत नाही. चंदन महागल्यापासून बरेच उत्पादक भपक्यात पॅराफिनसारखे निर्गंध द्रव घालतात. अशा अत्तरात माती असते, पण ती पोरकी वाटते. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी हुंगून पाहिले, तर तळाच्या लाकडाविषयी मी एवढे का लिहितो आहे ते कळेल.

तीच गोष्ट वाळ्याची. उन्हाळ्यात माठात सोडलेली वाळ्याची जुडी आणि खिडकीवर पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्या ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना लाकूड आणि गारवा या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटणारच नाहीत. वाळा हे गवताचे मूळ, पण सुगंधाच्या जगात त्याची गणना लाकडातच होते, कारण तेल घट्ट आणि चिवट असते आणि कोरडी, मातकट, धुरकट खोली देते. कोरडी जुडी हातात घेऊन हुंगा, वास दबलेला असतो. तीच पाण्यात बुडवून बाहेर काढा, आणि तारांसारख्या त्या मुळांमधून माती, ओले गवत आणि कडसर लाकूड एकदम सुटते. पाश्चात्त्य परफ्यूममधला व्हेटिव्हर हाच, जरी आज त्याचे तेल प्रामुख्याने हैतीतून येते. इस्से मियाकेच्या लो दीस्से पूर ओममध्ये युझू या जपानी लिंबाच्या टोकदार आंबटपणाखाली व्हेटिव्हर, सीडर आणि चंदन आहे, आणि म्हणूनच जाक काव्हालिये यांचे हे काम मला आक्वा दी जिओपेक्षा सरस वाटते. आक्वा दी जिओच्या तळाला सीडर आणि पॅचुली आहेत. पॅचुली म्हणजे मरवा-दवण्याबरोबर वेणीत गुंफल्या जाणाऱ्या आपल्या पाचीच्या कुळातली. पण आल्बेर्तो मोरियास यांनी मूळ रचनेत हे लाकूड इतके पातळ ठेवले, की दुपारनंतर ते शोधावे लागते. वरचा भाग सुंदर आहे, यात वाद नाही. 2015 मध्ये प्रोफूमो या नावाने त्याची जी गडद आवृत्ती आली, तिच्यात ऊद-धुपासारखा धूर आणि पॅचुली वाढवली होती, आणि मूळ परफ्यूमला तळ मिळाल्यासारखे वाटले. ती आवृत्ती पुढे बंद झाली, याची हळहळ पुष्कळांना आहे.

हवेचा हिशेबही मांडायला हवा. मुंबई, रत्नागिरी, पणजी या पट्ट्यात हवा दमट असते, त्वचा ओलसर राहते, आणि परफ्यूम बराच वेळ बोलत राहतो. तिथे कॅलोनचा गोडवा लवकर अंगावर येतो, म्हणून कमी फवारे आणि कोरडे लाकूड हे गणित बरे. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वरचा लिंबट भाग बघता बघता नाहीसा होतो आणि अर्ध्या तासातच माणूस नुसत्या लाकडावर येतो. तिथे अंघोळीनंतर बिनवासाचे मॉइश्चरायझर लावून त्यावर फवारा मारला तर फरक पडतो. पुण्याच्या डिसेंबरात कूल वॉटर मला उघडाबोडका वाटतो. थंडीत हे पाणी कोणी मागितले होते, असा प्रश्न पडतो.

विकत घेताना कागदाच्या पट्टीवर निर्णय करू नये, असे सगळेच सांगतात. त्यामागचे कारण असे, की कागदाला ऊब नसते आणि लाकूड उलगडायला ऊब लागते. म्हणून एकाच मनगटावर एकच परफ्यूम मारावा, मनगटे एकमेकांवर घासू नयेत, आणि दुकानातून सरळ बाहेर पडावे. बाहेरची कामे आटोपावीत, जेवावे, गर्दीतून फिरावे, आणि मग हुंगावे. तेव्हाही आवडला, तर परत जावे. दुकानदार 'आजची ऑफर उद्या नाही' म्हणेल, त्याचे तो म्हणेल. कूल वॉटर इतका खपतो, की त्याच्या बनावट बाटल्याही तितक्याच सर्रास मिळतात. खोक्यावरचा आणि बाटलीच्या बुडाशी असलेला बॅच क्रमांक एकच आहे का, हे पाहणे ही प्राथमिक खबरदारी. पण खरी चाचणी पुन्हा तिसऱ्या-चौथ्या तासालाच होते, कारण नक्कल करणारा वरचे पाणी सहज भरतो, लाकडावर पैसे खर्च करत नाही.

जुन्या आणि नव्या बाटल्यांविषयीची चर्चा मी फार मनावर घेत नाही. ओकमॉसवर इफ्रा या सुगंधउद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्वचेच्या ॲलर्जीमुळे मर्यादा घातल्या, त्यामुळे जुन्या साच्यातल्या कितीतरी परफ्यूमचा तळ बदलला, आणि पूर्वीसारखी दाट, ओलसर सावली आता फारशी मिळत नाही, हे खरे आहे. त्यासाठी वीस वर्षे उन्हात पडलेली बाटली चौपट दराने विकत घेणे मात्र मला शहाणपणाचे वाटत नाही. परफ्यूम बाथरूमच्या फडताळात ठेवू नये, कपाटात अंधारात ठेवावा. वरची लिंबट द्रव्ये उष्णतेने आणि प्रकाशाने आधी बिघडतात.

नोकरीला नुकताच लागलेला भाचा किंवा पुतण्या 'काका, पहिला परफ्यूम कोणता घेऊ?' असे विचारतो, तेव्हा मी अजूनही कूल वॉटर सांगतो, आणि सोबत दोनच फवारे, तेही शर्ट घालण्याआधी छातीवर, अशी अट घालतो. त्याच्याकडे थोडे अधिक पैसे असतील आणि आंबट वासाचे वावडे नसेल, तर इस्से मियाके. आक्वा दी जिओ त्याला कोणीतरी लग्नात भेट देईलच.